नार्कन फुकट कुणाला?

विनायकराव, नमस्कार.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात नार्कन, म्हणजे अफूजन्य द्रव्याचा ओव्हरडोस उतरवणारा नॅलॉक्सोन या औषधाचा नाकातला फवारा, फुकट वाटतात. त्यावरच्या माझ्या लेखावर तुमचे आक्षेप दोन. मधुमेह्यानं इन्सुलिनला पैसे मोजायचे आणि नशेबाजाला औषध फुकट, हा एक. जीव वाचणार म्हटल्यावर तो आणखीच घेणार, हा दुसरा.

इन्सुलिनची लूट मलाही मान्य आहे. पण नार्कन वाटणं थांबवून इन्सुलिन एका डॉलरनंही स्वस्त होणार नाही.

मुळात हे औषध ‘नशेबाजाला’ मिळतं कुठे? ओव्हरडोस झालेला माणूस निळा पडून निपचित असतो. स्वतःच्या नाकात फवारा मारणं त्याला शक्यच नसतं. तो मारते शेजारी असलेली आई, भाऊ, रूममेट. नातवाच्या डॉर्ममध्ये भिंतीवर नार्कनची पेटी पाहून तुम्हाला लाज वाटली म्हणता. पण झोपेची म्हणून घेतलेल्या बनावट गोळीतही फेंटानिल हे जहाल अफूजन्य द्रव्य निघतं हो.

राहिलं ‘आणखीच घेणार’. नॅलॉक्सोननं नशा चढत नाही, उतरते. मेंदूतल्या रिसेप्टरवरून ते अफूजन्य द्रव्याला हुसकावतं. दोन-तीन मिनिटांत श्वास परततो, पण सवय असलेल्याला सोबत उलट्या, घाम, तडफड. त्या भरवशावर कोण मुद्दाम जास्त घेईल?

तुमचीच शंका २०१८मध्ये दोन अर्थतज्ज्ञांनीही मांडली होती. त्यांनी ताडून पाहिले ते वेगवेगळ्या राज्यांचे कायदे. कायदा झाला म्हणजे पेटी घरात पोचली, असं थोडंच आहे? मॅसॅच्युसेट्समध्ये २००२ ते २००९ या काळात १९ गावं-शहरांत, प्रत्यक्ष किती लोकांना शिकवून औषध दिलं, ते मोजलं. जिथे लाखामागे शंभरहून जास्त लोकांना दिलं, तिथे मृत्युदर ४६ टक्क्यांनी कमी निघाला. त्याहून कमी दिलं तिथे २७ टक्क्यांनी.

नॅलॉक्सोनचं पेटंट १९६१चं, मान्यता १९७१ची. सामान्यांच्या हाती ते पद्धतशीर द्यायला शिकागोत १९९६मध्ये सुरुवात झाली. तोवर इस्पितळ नाहीतर अँब्युलन्स!

व्यसन यानं सुटत नाही, हे तुमचं खरं. त्याला मेथाडोन, बुप्रेनॉर्फिन ही वेगळी औषधं. शिवाय नार्कनचा असर तीस ते नव्वद मिनिटांत ओसरतो, म्हणून ९११ या आपत्कालीन नंबरला फोन करायचाच.

आणि फुकट घेणं पटत नसेल, तर २०२३पासून ते दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतं. तेव्हा दोन डोसना साधारण ४५ डॉलर पडत.