क्रिएटिन म्हणजे कॅन्सरचं खत?

"जिममधली क्रिएटिनची पावडर म्हणजे कॅन्सरला घातलेलं खत. संशोधनात सिद्ध! मुलांना वाचवा." आमच्या घरच्या ग्रुपवर हा मेसेज तिसऱ्यांदा आला, तेव्हा आतेभावाने भरलेला डबा कचऱ्यात टाकला. म्हणून असे दावे एकेक करून तपासत हे लिहितोय.

'स्टेरॉइडचंच भावंड आहे.' नाही. क्रिएटिन हार्मोन नाही. तीन अमिनो आम्लांपासून शरीर ते स्वतःच बनवतं, रोज साधारण १ ग्रॅम, मटण-मासळीतूनही मिळतं.

'संशोधनात सिद्ध.' २०२१ मध्ये 'सेल मेटाबॉलिझम' नियतकालिकात आलेला प्रयोग खरा आहे. मोठ्या आतड्याच्या आणि स्तनाच्या कॅन्सरच्या पेशी टोचलेल्या उंदरांना क्रिएटिन दिल्यावर रोग जास्त पसरला. पण गाठ आधीच होती, ती क्रिएटिनमुळे झाली नव्हती. मेसेजमधून नेमके उंदीरच पळालेत! २०१९ चा प्रयोग तर कोणीच पाठवत नाही. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात क्रिएटिन दिलेल्या उंदरांच्या गाठी कमी वाढल्या, कारण गाठीवर तुटून पडणाऱ्या टी-पेशींनाही (शरीराच्या संरक्षक पेशींनाही) ऊर्जेच्या साठ्यासाठी क्रिएटिनच लागतं. चोराचीही शिदोरी तीच आणि शिपायाचीही. मग कोणत्या उंदरावरून घाबरायचं?

'भाजलेल्या मांसातली कॅन्सरकारक द्रव्यं क्रिएटिनपासूनच होतात.' होतात, पण कडक आचेवर. गार पाण्यात चमचा ढवळताना ती आच कुठून आणणार? ब्राझीलमध्ये माणसांना क्रिएटिन देऊन हे तपासलंही. ही द्रव्यं वाढली नाहीत.

एक अभ्यास मात्र मी उडवून लावणार नाही. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या या अभ्यासात वृषणाच्या कॅन्सरचे ३५६ रुग्ण आणि तो आजार नसलेले ५१३ पुरुष यांची तुलना झाली. स्नायू वाढवणारी पूरकं घेतलेल्यांत आजाराची शक्यता दीडपटीहून थोडी जास्त निघाली. पंचविशीच्या आत सुरू केलेल्यांत त्याहून जास्त. पण त्या टोपलीत क्रिएटिनबरोबर अँड्रोस्टेनडायोनही होतं, आणि ते खरोखर हार्मोनच्या घराण्यातलं. दोष कोणाचा, हे त्या अभ्यासातून वेगळं काढता येत नाही. आत काय भरलंय हे न लिहिलेला 'मास गेनर'चा, म्हणजे वजन-स्नायू वाढवायच्या पावडरीचा, डबा घेणाऱ्याने मात्र जरूर घाबरावं.

आणि ज्यांच्यावर कॅन्सरचे उपचार चालू आहेत त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय क्रिएटिन घेऊच नये. एक तर तो २०२१ चा प्रयोग. दुसरं, क्रिएटिनने रक्तातलं क्रिएटिनिन (क्रिएटिनपासून बनणारं, किडनी बाहेर टाकते ते टाकाऊ द्रव्य) वाढलेलं दिसतं, किडनी ठणठणीत असली तरी. कार्बोप्लॅटिनसारख्या कॅन्सरच्या औषधाचा डोस किडनीच्या कामावरून ठरतो, आणि ते काम बहुतेक वेळा याच आकड्यावरून काढतात. म्हणजे डोसच चुकू शकतो.