‘दीड हजारात मत विकलं’ म्हणणाऱ्या माझ्याच बाजूच्या लोकांना

विधानसभेच्या निकालानंतर आमच्या बाजूच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरू लागला, तो अजून फिरतोच आहे. त्याचा आशय असा: लाडकी बहीण योजनेतून महायुती सरकारनं बायकांना महिन्याला दीड हजार वाटले, बायकांनी दीड हजारात मत विकलं, त्याचं बिल टॅक्स भरणाऱ्यांनी भरलं, राज्याची तिजोरी रिकामी झाली आणि केवळ म्हणून महाविकास आघाडी हरली.

मी काँग्रेसचा मतदार आहे. २० नोव्हेंबर २०२४ला लातूर ग्रामीणमधल्या एका बूथवर पोलिंग एजंट म्हणून भल्या पहाटेपासून बसलो होतो. त्याच्या सहा महिने आधी लोकसभेला राज्यात आघाडीच्या ३० जागा आल्या होत्या. विधानसभेला २८८ पैकी ४६ आल्या, महायुतीच्या २३०. आमची लातूर ग्रामीणची जागाही गेली. ते दुःख मला कुणाहून कमी नाही. तरीही हा मेसेज खोटा आहे, आणि तो पुढे पाठवणारे आपलंच नुकसान करताहेत.

आधी ‘मत विकलं’ याबद्दल. आमच्या गल्लीत एक मावशी राहतात. विधवा आहेत, मजुरीला जातात. ऑगस्टमध्ये बटनाचा फोन माझ्या हातात देऊन म्हणाल्या, “भाऊ, हे इंग्रजीत काय आलंय बघ.” पहिल्या दोन हप्त्यांचे तीन हजार जमा झाले होते, पण बँकेनं किमान शिल्लक नव्हती म्हणून त्यातले काही कापून घेतले होते. उरलेल्या पैशांत त्यांनी लातूरला जाऊन चष्मा केला. गहू निवडताना खडे दिसत नव्हते, दोन वर्षं तशाच निवडत होत्या. मतदानाच्या संध्याकाळी घरी परतताना त्या ओट्यावर बसलेल्या दिसल्या. मी काही विचारायच्या आत म्हणाल्या, “इचारू नको भाऊ. सांगायची गोष्ट हाय का ती?”

त्यांनी कुणाला मत दिलं ते मला आजही माहीत नाही, आणि पैसे देणाऱ्या सरकारलाही माहीत नाही. अर्जात पक्षाचा रकाना नव्हता. २१ ते ६५ वय आणि कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत, या अटीत बसलेल्या काँग्रेसवाल्यांच्या घरीसुद्धा हप्ते आले. आपल्यातल्या किती जणांच्या घरी आले हे प्रत्येकानं स्वतःशी आठवावं. आपल्या बायकोनं मत विकलं असं कुणी म्हणत नाही. विकणारी असते ती कायम दुसऱ्याची बायको.

प्रचारात कोल्हापूरला भाजपचे खासदार धनंजय महाडिक यांनी काय म्हटलं होतं ते आठवा. योजनेचे पैसे घेणाऱ्या बायका काँग्रेसच्या सभेत दिसल्या तर त्यांचे फोटो काढा, आपण व्यवस्था करू, असा त्याचा अर्थ होता. त्याआधी अमरावतीत आमदार रवी राणा आशीर्वाद दिला नाही तर पैसे परत काढून घेण्याची भाषा बोलले होते. महाडिकांना माफी मागावी लागली, राणांनी ती गंमत होती म्हणून सांगितलं. आपण तेव्हा संतापलो होतो आणि ते बरोबर होतं. दीड हजार दिले म्हणजे बाई आपली झाली, हा त्यांचा समज होता. निकालानंतर आपण नेमका तोच समज खरा मानून बसलो.

शिवाय आपला जाहीरनामा? महालक्ष्मी योजनेत महिन्याला तीन हजार आणि एसटीचा मोफत प्रवास. दीड हजार लाच असेल तर तीन हजारांना काय म्हणायचं? मी स्वतः ती पत्रकं दारोदार वाटली आहेत आणि त्याची मला लाज वाटत नाही. गरीब बाईच्या हातात थेट पैसा देणं हे धोरण मला मान्य आहे. कर्नाटकात काँग्रेसचं सरकार गृहलक्ष्मीतून दोन हजार देतं. झारखंडमध्ये हेमंत सोरेन यांच्या सरकारनं त्याच ऑगस्टमध्ये मंईयां सन्मान योजना सुरू केली, आणि २३ नोव्हेंबरला, म्हणजे आपण हरलो त्याच दिवशी, तिथे आपल्या इंडिया आघाडीनं ८१ पैकी ५६ जागा जिंकल्या. तिथल्या बायकांनीही मत विकलं असं आपल्या ग्रुपवर कुणी लिहिलं नाही. जाहीरनाम्यातलं आश्वासन ही कायद्यानं लाच ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये तमिळनाडूच्या खटल्यात सांगितलेलं आहे. त्याचा फेरविचार मोठ्या पीठाकडे सोपवला गेला, तो भाग वेगळा.

‘केवळ या योजनेमुळे हरलो’ हेही टिकत नाही. योजनेचा फायदा महायुतीला झालाच, तो नाकारणं खुळेपणाचं ठरेल. पण पैसे दिले की मतं येतात असा नेम नाही. गृहलक्ष्मी चालू असताना लोकसभेला कर्नाटकात काँग्रेसला २८ पैकी ९ जागा मिळाल्या. आणि आपल्याकडे पुरुषांचं मतदान ६६.८४ टक्के झालं, बायकांचं ६५.२२. टक्क्यानंही पुरुष पुढे, आकड्यानंही. मतांच्या टक्केवारीत महायुती आपल्या साधारण १४ टक्के पुढे गेली. एवढी दरी एकट्या बायकांच्या मतांनी पडत नाही. पुरुषांच्या खात्यात तर या योजनेची दमडीही आली नव्हती. त्यांनी का पाठ फिरवली, याचा शोध घ्यायला कुणी तयार नाही, कारण तो शोध आपल्या दारात येतो.

उमेदवारी अर्ज भरायची शेवटची तारीख २९ ऑक्टोबर होती आणि तोवर आपले नेते कुठली जागा कुणाची यावर भांडत होते. सोलापूर दक्षिणमध्ये आघाडीचा उमेदवार ठाकरेंच्या सेनेचा, आणि मतदानाच्या दिवशी सुशीलकुमार शिंदे नि प्रणिती शिंदे यांनी पाठिंबा दिला अपक्षाला. कार्यकर्त्यानं काय करायचं? आमच्याकडे सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये आणि बाजारात त्याच्या खाली विक्री, अशी परिस्थिती होती. शेतकरी चिडलेला होता. आपण सात हजारांचं आश्वासन दिलं, समोरच्यांनी सहा हजारांचं. पण मी ज्या वाड्या-वस्त्यांवर फिरलो तिथे आपलं आश्वासन लोकांना माहीतच नव्हतं. लोकसभेच्या यशानंतर सगळे मंत्रिपदांची गणितं मांडण्यात गुंतले होते. मतदार बायकांपैकी कुणीही मला त्या काळात ‘तुमचा माणूस आलाच नाही’ यापेक्षा जास्त तक्रार केली नाही.

‘टॅक्स आमचा’ या मुद्द्यावर फार थांबत नाही. तेव्हा साबणावर १८ टक्के जीएसटी होता. मावशी साबण घेत होत्या, म्हणजे टॅक्स भरत होत्या.

तिजोरीचा मुद्दा मात्र खरा आहे, आणि म्हणूनच तो या मेसेजात वाया जातो याचं वाईट वाटतं. वर्षाला ४६ हजार कोटींचा खर्च सांगितला गेला. आचारसंहिता १५ ऑक्टोबरला लागायच्या आत नोव्हेंबरचा हप्तासुद्धा आगाऊ देऊन टाकला. निवडणुकीपूर्वी अर्जांची नीट छाननी केली नाही. निवडणूक झाल्यावर केली, आणि जुलै २०२५ मध्ये २६ लाख ३४ हजार लाभार्थींचे पैसे थांबवल्याचं जाहीर झालं. प्रचारात महायुती महिन्याला २,१०० रुपये देऊ म्हणाली होती, मार्च २०२५च्या अर्थसंकल्पात त्याची तरतूद नव्हती, उलट योजनेचीच तरतूद ३६ हजार कोटींवर आली. त्यानंतर मे महिन्यात सामाजिक न्याय खात्याचे ४१० कोटी आणि आदिवासी विकासचे ३३५ कोटी या योजनेकडे वळवले गेले. खुद्द सामाजिक न्यायमंत्री संजय शिरसाट यांनी त्यावर उघड नाराजी व्यक्त केली.

दलित आणि आदिवासींसाठी राखलेला पैसा त्यांच्याच बायकांच्या नावावर खर्ची टाकला गेला. हे गावोगाव जाऊन सांगायला हवं होतं. पण ज्या बाईला आपण विकाऊ म्हटलं, ती आपलं बोलणं ऐकायला थांबेल कशाला?

आता ई-केवायसीचंच, म्हणजे आधारवरून लाभार्थीची ओळख ऑनलाइन पडताळण्याचंच घ्या. सप्टेंबर २०२५ पासून ती सक्तीची झाली आणि त्यात नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारवरचा ओटीपी मागितला जाऊ लागला. नवरा नाही, वडीलही नाहीत, अशा बायका अडकल्या. ओरड झाल्यावर मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. त्या काळात आपल्या पक्षाच्या तालुका कार्यालयात एक टेबल टाकून दोन पोरं बसवली असती, तरी शेकडो बायकांचं काम झालं असतं. मी तसं सुचवलं, तर त्या मतदार आपल्या नाहीत असं उत्तर आलं. मग आम्ही गल्लीतल्या तिघांनीच मारुतीच्या पारावर फोन घेऊन बसायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी अकरा जणी आल्या. चष्मा लावून मावशीही आल्या होत्या, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून.