प्रथिन ‘आपोआप’ सुटत नाही

पेशीतलं रायबोसोम हे यंत्र जनुकाच्या एमआरएनए या प्रतीवरचे तीन-तीन अक्षरी संकेत वाचतं, टीआरएनए हे छोटे रेणू त्या-त्या संकेताचं अमिनो आम्ल आणून देतात आणि त्यांच्या साखळीतून प्रथिन बनतं. ते संपतं कसं, याबद्दल जीवशास्त्राच्या नोट्समध्ये आणि व्हिडिओंमध्ये एक दावा हमखास भेटतो: ‘यूएए, यूएजी, यूजीए या थांबा-संकेतांना जुळणारा टीआरएनए नसतो, म्हणून रायबोसोम तिथे थांबतो आणि प्रथिन आपोआप सुटतं. त्यासाठी माणसात वेगळी जनुकं नाहीत. जीएसपीटी२ या जनुकाची नोंद दिसते, पण त्यात इंट्रॉनच (एमआरएनएमधून कापून टाकले जाणारे मधले तुकडे) नाहीत, म्हणजे ती निकामी नक्कल.’

आधी ‘आपोआप’चं बघू. टीआरएनए आला नाही, तर रायबोसोम नुसता अडकून बसेल. तयार झालेली साखळी शेवटच्या टीआरएनएला रासायनिक बंधाने जखडलेली असते. तो बंध पाण्याच्या रेणूने तोडावा लागतो. ते घडवून आणतं ईआरएफ१ हे ४३७ अमिनो आम्लांचं प्रथिन. त्याची स्फटिकरचना २००० साली प्रसिद्ध झाली आणि तिची ठेवण चक्क टीआरएनएसारखी निघाली! एका टोकाचा भाग संकेत ओळखतो. मधल्या भागाच्या टोकावर ग्लायसीन, ग्लायसीन, ग्लुटामिन असं अमिनो आम्लांचं त्रिकूट आहे, ते बंधापाशी पोचतं आणि साखळी सुटते.

वेगळी जनुकं नाहीत? ईआरएफ१चं जनुक ईटीएफ१, पाचव्या गुणसूत्रावर. तिन्ही संकेत हे एकटंच प्रथिन ओळखतं. जीवाणूंना त्यासाठी दोन लागतात. जोडीला जीटीपी हा ऊर्जा देणारा रेणू खर्च करणारं ईआरएफ३ हे प्रथिन असतं, त्याचं जनुक जीएसपीटी१, सोळाव्यावर.

आता जीएसपीटी२. हे एक्स गुणसूत्रावर आहे आणि त्यात इंट्रॉन नाहीत, एवढं खरं. जीएसपीटी१च्या एमआरएनएची उलटी प्रत डीएनएमध्ये शिरून ते तयार झालं. इंट्रॉन त्याआधीच कापले गेले होते. यातून जन्मकथा कळते, निकामीपणा नाही. अशा बऱ्याच प्रती खरोखर मृत असतात, खुद्द ईटीएफ१च्याही आहेत. पण जीएसपीटी२मधून अखंड प्रथिन बनतं. यीस्टमधलं ईआरएफ३चं जनुक काढून टाकलं, तर उंदराचं जीएसपीटी२ त्याची जागा घेऊ शकतं. गंमत म्हणजे उंदराच्या जीएसपीटी१ला तिथे ते जमत नाही.

राहता राहिलं ‘जुळणारा टीआरएनए नसतो’. सेलेनोसिस्टीन या अमिनो आम्लाचा टीआरएनए यूजीएला बरोबर जुळतो. माणसाच्या २५ जनुकांमध्ये एमआरएनएच्या शेपटीकडची एक घडी त्याला बोलावून आणते आणि त्या यूजीएवर साखळी न तुटता पुढे वाढते.