सम्राट व्हायचंय? मग पोरांना काहीच सांगू नका

आकाशगंगा जिंकायचं ठरवलंच असेल तर आधी अभिनंदन, आता पोरांचं बघू. वीस पोरं लागतील. लॅबमध्ये बनवायची, लहानपणीच हरवू द्यायची, मग वेगवेगळ्या ग्रहांवर सापडली की ओळखदेख नसताना प्रत्येकाच्या हातात एक एक लीजन द्यायची, म्हणजे चिलखत घातलेले सात-आठ फुटी हजारो सैनिक, जे मरायला भीत नाहीत आणि वरून आलेल्या हुकमाला का म्हणून विचारत नाहीत. हे का न विचारणं नीट लक्षात ठेवा, पुढे हेच अंगाशी येणारे.

हे मी माझ्या मनाचं सांगत नाहीये. वॉरहॅमर ४०,००० नावाचा ब्रिटिश टेबलावरचा खेळ आहे, त्याच्या पूर्वेतिहासावर हॉरस हेरेसी ही कादंबरीमालिका आहे. २००६ ला सुरू झाली, २०१९ पर्यंत ५४ पुस्तकं झाली, तरी शेवटची लढाई बाकीच, म्हणून तिच्यासाठी वेगळी मालिका काढली आणि तिचं शेवटचं पुस्तक तीन तुकड्यांत करत करत २०२४ उजाडलं. एका बापाने, म्हणजे त्यातल्या सम्राटाने, चार गोष्टी वेळेवर बोलल्या असत्या तर हे सगळं एका कथेत आटपलं असतं. पण मग धंदा काय होणार?

तर पोरं सांभाळायची कशी. वीसांतला अँग्रॉन घ्या. हा ग्लॅडिएटर गुलाम, बंड करून साथीदारांसोबत डोंगरात अडकलेला, समोर फौजा, सगळ्यांनी मिळून मरायचं ठरलेलं. तेवढ्यात वर आकाशात बाप येतो, अख्ख्या ताफ्यासकट. तुम्ही म्हणाल चला, सुटले बिचारे. छे हो! बापाने याला एकट्याला टेलिपोर्ट करून वर उचलला आणि खाली साथीदार कापले गेले. मग त्याला लीजन दिली, जा बाळा, आता माझ्यासाठी लढ. इतका सोपा फॉर्म्युला आहे, बंडखोर घरच्या घरी तयार.

लॉर्गरचं उलट, तो बापाला देव मानायचा. जिंकलेल्या ग्रहांवर बापाची देवळं बांधत सुटलेला, आणि बापाचं धोरण काय तर देव नाही, धर्म नाही. आता एखादा बाप पोराला बाजूला घेऊन म्हणाला असता की हे बंद कर. पण तुम्ही सम्राट आहात, तुम्हाला हे शोभत नाही. तुम्ही त्याचं लाडकं मोनार्किया शहर दुसऱ्या भावाच्या लीजनकडून बेचिराख करून घ्या आणि त्याच राखेत त्याच्या अख्ख्या लीजनला गुडघे टेकायला लावा. आता ज्याला देव लागतोच तो गप्प बसेल का, तो दुसरे देव शोधायला निघणार. सापडले की त्याला! अगदी नको तेच सापडले.

पर्चुराबोला फक्त वेढे घालायला लावा, वर्षानुवर्षं चिखलात, आणि कौतुक मात्र त्याच्या भावाच्या तटबंदीचं करा. यावर जास्त लिहीत नाही, मोठ्या कुटुंबात वाढलेल्यांना कळलं असेल.

राहिला लाडका, हॉरस. दोनशे वर्षांची मोहीम, उल्लानोरचा मोठा विजय, त्याला वॉरमास्टर, म्हणजे सगळ्या लीजनचा सेनापती केलं आणि स्वतः पृथ्वीवर परत. का? काम आहे. काय काम? ते नंतर. राजवाड्याच्या तळघरात काहीतरी प्रचंड गुप्त प्रकल्प चाललेला, पण ज्याच्या भरवशावर आकाशगंगा सोडली त्यालाच पत्ता नाही. वर त्याने रक्त सांडून जिंकलेल्या ग्रहांवर कर वसूल करायला कारकून पाठवा, म्हणजे उरलीसुरली माया पण संपेल.

सैनिकांच्या गुप्त मंडळांकडे अजिबात लक्ष देऊ नका. हा भाग मला सगळ्यात आवडतो. हॉरसच्या लीजनमधला कॅप्टन लोकन सरळ माणूस, त्याला अशी मंडळं पटत नाहीत, त्याचा दोस्त टॉर्गॅडन त्याला ओढून घेऊन जातो, आणि तिथे कट वगैरे काही नाही, आपलीच मित्रमंडळी, कॅप्टन आणि साधा शिपाई शेजारी बसून चेष्टामस्करी करतायत. कट्टाच म्हणा ना. कोणालाही वाटेल यात काय वाईट आहे, आणि सगळं सडतं ते इथूनच.

कारण खरी फूट लीजन विरुद्ध लीजन अशी पडतच नाही, ती एकाच लीजनच्या आत पडते. इस्टव्हान ३ या ग्रहावर, बापाविरुद्ध उठलेला हॉरस चार लीजनमधले बापाशी निष्ठावान वाटणारे वेगळे काढतो, पहिल्या फळीत तुम्हीच म्हणून खाली उतरवतो आणि वरून स्वतःच्याच माणसांवर विषाणूबॉम्ब टाकतो. हॉरसचे चार खास सल्लागार असतात, कायम एकत्र, त्यातले लोकन आणि टॉर्गॅडन खाली, अबॅडन आणि ॲक्सिमँड वर. मग वरचे दोघं उरलेलं काम हाताने संपवायला खाली येतात. टॉर्गॅडनला ॲक्सिमँड मारतो. (स्पॉयलर दिला म्हणून ओरडू नका, पुस्तक येऊन जमाना झाला.)

तुम्ही म्हणाल हे काल्पनिक आहे, खरे लीजनवाले असं करत नसतील. रोममध्ये इ.स. १९३ ला सम्राटाच्या अंगरक्षकांनीच सम्राटाला मारून साम्राज्याचा लिलाव मांडला होता, डिडियस ज्युलियानस नावाच्या गृहस्थाने जास्त बोली लावून घेतलंसुद्धा. ६६ दिवस टिकला. तुमचं बजेट बघून ठरवा.

आणि अल्फा लीजनच्या नादी लागू नका. कोणालाही विचारा तू कोण, तो म्हणणार मी अल्फॅरियस, म्हणजे त्यांचा प्रमुख, वीसांतलाच एक पोरगा. त्यांनी सम्राटाशी गद्दारी केली ती म्हणे सम्राटाच्याच ध्येयासाठी. त्यांच्यावरचं पुस्तक वाचून मी दोन दिवस हिशोब लावत होतो, अजून बाकी शून्य येत नाही.

शेवटची टीप रंगाची. हॉरसची लीजन आधी लूना वुल्व्ज, रंग पांढरा. मग नाव बदलून सन्स ऑफ हॉरस, रंग समुद्री हिरवा. हे वेळेत वाचा. मी खेळातले दहा छोटे सैनिक आणले, पाच पांढरे रंगवून झाले, मग पुढचं पुस्तक वाचलं आणि उरलेले पाच हिरवे केले. एका पांढऱ्याचा हात रात्री घाईत हिरव्याला चिकटला तो आता निघत नाही. दहाही जण कपाटात एकाच फळीवर आहेत, मध्ये मी आडवी पट्टी ठेवलीये, आणि त्या पांढऱ्या हातवाल्याला कुठल्या बाजूला उभा करायचा ते काही ठरत नाहीये.