द्राक्षं तपासता, विहीर कोण तपासणार?

“विकसनशील देशांत रसायनं मोजायला प्रयोगशाळा आणि माणसं नाहीत, ती दिली की प्रश्न सुटला,” हे रसायनांच्या धोक्यावरच्या एका लेखातलं विधान आम्हा निफाडच्या द्राक्षवाल्यांना पटणारं नाही. २०१० साली क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ आवरणाऱ्या रसायनाच्या अंशामुळे आपली द्राक्षं युरोपात अडली, कित्येकांचं कंबरडं मोडलं. आज निर्यातीच्या प्लॉटमधून नमुना पास झाल्याशिवाय एक पेटी हलत नाही. म्हणजे यंत्रं आहेत, माणसंही आहेत. पण गिऱ्हाईक मागतं तेवढंच मोजलं जातं.

त्याच प्लॉटच्या बांधावर फवारणीच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या पडलेल्या असतात. पावसाळ्यात त्या ओहोळाला लागतात, नाहीतर कुणीतरी पाचोळ्याबरोबर पेटवतो आणि तो उग्र वास पार ओट्यापर्यंत येतो. माझ्या विहिरीचं पाणी औषधांच्या अंशासाठी आजवर एकदाही तपासलेलं नाही, आणि घरात पितो तेच. बाझल, रॉटरडॅम, स्टॉकहोम हे घातक कचरा आणि विषारी रसायनांवरचे तिन्ही जागतिक करार भारताने स्वीकारलेत, २०२३ ला बॉनमध्ये रसायनांसाठी नवा जागतिक आराखडाही ठरला. मदत द्यायचीच तर गावच्या पाण्याचा आणि या बाटल्यांचा हिशेब ठेवायला द्या. दुकानदाराने विकलेल्या बाटल्या परत घेऊन वहीत मांडल्या, तरी पुष्कळ माहिती हाती लागेल.