पासवर्ड बदलू नका!

हायवेला ढाब्याशेजारची जागा मोकळी आहे आणि तुम्ही तिथे चार्जिंग स्टेशन काढताय म्हणे. उत्तम! मग चार गोष्टी ऐकून घ्या.

चार्जर म्हणजे कॉम्प्युटर, असं सांगायला कोणी आलं तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. आत सिमकार्ड असतं, ते सर्व्हरशी रात्रंदिवस बोलतं, गिऱ्हाइकाचे पैसे कापतं, हे सगळं खरं. पण शेवटी तो प्लगच!

बसवायला आलेला पोरगा लॅपटॉप उघडून विचारेल, ‘साहेब, पासवर्ड बदलायचा का?’ साफ नको म्हणा. पुढच्या खेपेला दुसराच पोरगा येणार, त्याला कुठून सापडायचा? ‘ॲडमिन’ आणि ‘१२३४’ असं दाराच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवलंत तर फारच छान.

चार्जर सर्व्हरशी ओसीपीपी नावाच्या भाषेत बोलतो. तिची १.६ ही आवृत्ती २०१५ची. अजून पुष्कळ ठिकाणी तीच चालते. ती कुलूपबंद बोलता येते, तशी उघड्यावरही. तुम्ही उघड्यावरच बोला. शेजाऱ्यापाजाऱ्यांपासून काय लपवायचं?

गिऱ्हाइक पैशांसाठी चार्जरला टेकवतं त्या कार्डांचंही मनावर घेऊ नका. २०१७ साली लायपझिगच्या हॅकर-परिषदेत एकाने दाखवून दिलं, की कार्डावरचा नुसता नंबर उतरवला तरी दुसऱ्याच्या खात्यावर गाडी चार्ज होते. होऊ दे की. आपल्याकडे उधारी काय नवी आहे?

पडद्याची तर मजाच. फेब्रुवारी २०२२मध्ये मॉस्को-सेंट पीटर्सबर्ग महामार्गावरचे चार्जर बंद पडले आणि पडद्यावर पुतिनना शिव्या झळकल्या. सुटे भाग युक्रेनी कंपनीचे होते, तिने मागचं दार उघडं ठेवलं होतं, असं तिथल्या वीज कंपनीनेच सांगितलं. दोन महिन्यांनी इंग्लंडच्या आइल ऑफ वाइटवर पार्किंगमधल्या चार्जरवर अश्लील साइट दिसू लागली. गाडी चार्ज होईपर्यंत गिऱ्हाइकाने तरी करायचं काय?

क्यूआरच्या स्टिकरवर दुसरा स्टिकर दिसला, एक कोपरा उचललेला, खालून तुमचा जुना डोकावतोय, तर नखाने खरवडत बसू नका. पैसे कुणाच्या तरी खात्यात जातायत ना?

मार्च २०२३मध्ये गडकरींनी लोकसभेत सांगितलं होतं, की चार्जिंग स्टेशनच्या यंत्रांत आणि ॲपमध्ये त्रुटी असल्याचे अहवाल सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेकडे आले आहेत. लोकसभेत काय, बरंच काही बोलतात.

उद्घाटनाला नारळ फोडा, चार्जरला हार घाला, वर लिंबू-मिरची टांगा. आणि ती मात्र दर शनिवारी न चुकता बदला.