वाढत्या अंगाची फळी

कपडे, बूट, दप्तर, सायकल. आजवर लेकीसाठी जे जे घेतलं, ते वाढत्या अंगाचं घेतलं. पहिल्या वर्षी ती त्या वस्तूत हरवलेली असते, दुसऱ्या वर्षी ती वस्तूच हरवलेली असते, आणि माप नेमकं बसण्याचा दिवस मधेच कधीतरी, बहुधा ती शाळेत असताना, येऊन जातो. तरी आमची श्रद्धा ढळलेली नाही. त्यामुळे आठ वर्षांच्या या बाईंनी एका संध्याकाळी "मला पॅडलबोर्ड हवाय" असं जाहीर केलं, तेव्हा माझं मन थेट साडेदहा फुटांवर जाऊन बसलं.

ज्यांच्या घरात हे अजून शिरलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. स्टँड-अप पॅडलबोर्ड म्हणजे पाण्यावर तरंगणारी रुंद फळी. तिच्यावर उभं राहायचं आणि लांब वल्ह्याने पाणी मागे सारत जायचं. विसाव्या शतकाच्या मध्याला हवाईतल्या वाइकिकीच्या किनाऱ्यावर सर्फिंग शिकवणारी मंडळी असं उभ्याने वल्हवत शिकाऊंवर नजर ठेवत. पुढे 2000 च्या आसपास लेअर्ड हॅमिल्टन आणि डेव्ह कलामा या तिथल्याच सर्फरांनी हा प्रकार पुन्हा गाजवला. 2008 साली तर अमेरिकेच्या कोस्ट गार्डने लाटांच्या पट्ट्याबाहेर गेलेल्या या फळीला रीतसर जहाज ठरवलं. हे सगळं मी लेकीला मोठ्या उत्साहाने सांगितलं. तिने विचारलं, "त्यांच्या फळीवर चित्र कुठलं होतं?"

मग माझ्या रात्री सुरू झाल्या. मुलांचा बोर्ड साधारण साडेसात ते नऊ फूट लांब आणि 28 ते 30 इंच रुंद असतो. मोठ्यांचा नेहमीचा म्हणजे 10 फूट 6 इंच लांब, 32 इंच रुंद, 6 इंच जाड. ऑलराउंड, टूरिंग, रेसिंग असे त्याचे प्रकार. रुंद तितका स्थिर, अरुंद तितका वेगवान. तिसऱ्या रात्री मी एक्सेलमध्ये तक्ता केला. त्यात कुठूनही आकडे भरले तरी उत्तर मोठाच बोर्ड येत होतं.

"अजून दहा वर्षांनी तिला हाच लागणार," मी बायकोला म्हणालो.

"आणि तोवर?"

"तोवर नुसता पडून राहायला नको. कुणीतरी वापरायला हवा."

"कोणीतरी," ती म्हणाली. त्या एका शब्दात तिने माझा अख्खा तक्ता गुंडाळून ठेवला.

मी शास्त्राचा आधार घेतला. फळीने एक लिटर पाणी बाजूला सारलं की साधारण एक किलो वजन तरंगतं. मोठा बोर्ड 300 लिटरचा. लेक 24 किलोची. म्हणजे त्याच्यावर अशा बारा लेकी राहतील! मला त्यात सुरक्षितता दिसत होती. बायकोला उरलेल्या अकरा जणी दिसल्या. "खडू आण," ती म्हणाली.

हॉलमधलं टेबल सरकवून आम्ही फरशीवर दोन बोर्ड आखले, एक मोठा, एक आठ फूट बाय 28 इंच. मोठा स्वयंपाकघरात शिरला. लेकीच्या हाती केरसुणी दिली आणि तिला मोठ्याच्या मधोमध गुडघ्यांवर बसवलं, कारण फळीवर सुरुवात गुडघ्यांवरूनच करायची असते. वल्हं मारायचं ते रेघेच्या बाहेर. रेघेच्या आत केरसुणी टेकली तर ती फळीवर आपटली, पाणी हललंच नाही. लेक वाकली, अजून वाकली, जीभ बाहेर काढून अजून थोडी वाकली, आणि केरसुणीसकट पाण्यात, म्हणजे शू-रॅकवर, पडली. दुसऱ्या चौकटीत तिने सपासप चार हात मारले. फरक किती, तर दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच. माझ्या तक्त्यात ते दिसतही नव्हते. पण आठ वर्षांच्या हाताला त्या दोन इंचांसाठी अख्खं अंग झुकवावं लागतं, आणि अंग झुकलं की तोल संपला. शिवाय मोठा बोर्ड काखेत मारून मधली मूठ धरायची, तर तिचा हात मुठीपर्यंत पोहोचायलाच तीन-चार वर्षं हवीत. आणि वारा असेल तर एवढ्या मोठ्या फळीवरचं एवढंसं माणूस म्हणजे ताटातला पापड.

मी हरलो. पण दुकानात मनाने शेवटचा प्रयत्न केलाच.

"कोणासाठी हवाय?"

"मुलीसाठी."

"वजन?"

"84."

विक्रेत्याने लेकीकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. लेक हसून हसून लाइफ जॅकेटांच्या ढिगात बसली.

बोर्ड मात्र तिने आधीच निवडला होता. त्यावर जांभळा ऑक्टोपस होता. त्याचे पाय तिने मोजले. सात भरले. आता फळी बदलायची की काय, या भीतीने मी गार झालो. विक्रेत्याने शांतपणे फळी उलटी केली आणि शेपटीकडे बसवायचं फिन, म्हणजे माशाच्या परासारखं पातं, दाखवलं. "हा आठवा." या माणसाला राजदूत करायला हवं.

लाइफ जॅकेटच्या बाबतीत मी वाढत्या अंगाचं नाव काढलं नाही, हे नमूद करतो. किती ते किती किलोसाठी, हे त्यावर छापलेलं असतं, त्यातच घ्यायचं. पट्टे आवळून दोन्ही खांदे धरून मूल वर उचलायचं, जॅकेट हनुवटी-कानांपर्यंत सरकलं तर ते मोठं. पहिलं इतकं सरकलं की लेक आत आणि तिचा आवाज तेवढा बाहेर, असं झालं. दुसरं नीट बसलं. वल्हंही तिचं तिलाच हवं. मुलांचं वल्हं उंचीपेक्षा साधारण सहा इंच जास्त ठेवतात, आणि माझ्या मनातलं मोठ्यांचं वल्हं पार आखूड केलं तरी तिच्या डोक्यावर हातभर उरत होतं. एक गंमत कळली. वल्ह्याचं पातं दांड्याला थोडं तिरकं असतं आणि ते पुढच्या बाजूला झुकलेलं धरायचं. माझा हात पळी धरल्यासारखा नेमका उलटा जात होता. वरण ढवळायला ठीक, होडी हाकायला नाही.

रविवारी तळ्यावर गेलो. वारा जमिनीकडून पाण्याकडे वाहत असेल तर मूल पाण्यात घालायचं नाही, एवढं एक मी मनात पक्कं घोकून ठेवलं होतं. तसा वारा असला की काठाजवळचं पाणी अगदी शहाण्यासारखं शांत दिसतं आणि फळी हळूच आत ओढली जाते. त्या दिवशी पानही हलत नव्हतं. ते माझ्या जिवावर उठणार होतं, हे नंतर कळलं.

आमची फळी हवा भरून फुगवायची होती, म्हणून पंप मारायला घेतला. अशा फळीची वरची आणि खालची बाजू आतून हजारो धाग्यांनी बांधलेली असते, म्हणून फळी फुग्यासारखी गोल न होता सपाट राहते. पण त्यासाठी हवा ठासून भरावी लागते. फळीवर 15 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) लिहिलं होतं. पन्नास हात मारले. सुई शून्यावर. शंभर मारले. सुई शून्यावर. पंप बिघडला म्हणून मी बायकोकडे हताशपणे बघितलं. तिने माहितीपत्रक वाचलं: आधी नुसती जागा भरते, दाब नंतर चढतो. दोनशेच्या पुढे सुई एकदाची थरथरली. शर्ट अंगाला चिकटला, कानांत शिट्ट्या वाजू लागल्या, पण मी पंधरा गाठले आणि विजयी मुद्रेने नळी काढली.

फुस्स्स्...

झडपेच्या मधोमध एक इवलीशी पिन असते. ती वर असली की हवा आत राहते, खाली दाबून ठेवली असली की बाहेर जाते. माझी खाली होती. माझं अर्ध्या तासाचं आयुष्य सुस्कारा टाकत निघून गेलं आणि ऑक्टोपस माझ्या पायांशी सुरकुतून पडला. "पुन्हा कर ना, बाबा!" लेक टाळ्या पिटत म्हणाली. पुन्हा केलं. दुसरा मार्गच नव्हता.

जॅकेट घातलं, घोट्याला लीश, म्हणजे फळीला जोडलेली दोरी, बांधली. लेक गुडघ्यांवर बसून निघाली. डावीकडे एक हात मारला, फळी उजवीकडे वळली. उजवीकडे मारला, डावीकडे वळली. तिसऱ्या हाताला तिने स्वतःभोवती अख्खी फेरी घेतली.

"बाबा, ही गोल गोल फिरते!"

बायकोने माझ्याकडे बघितलं. "आठवा पाय?"

आठवा पाय घरी होता. सांभाळून ठेवला होता, शू-रॅकवर. फिन नसलं की फळीला सरळ जाण्याचं काही कारणच उरत नाही. लेकीला सरळ जायचंही नव्हतं. कंबरभर पाण्यात मी शेजारी उभा, आणि ती भोवऱ्यासारखी फिरत होती. फिरता फिरता एकदा तिने फळीवर हात टेकले, एक पाय ठेवला, दुसरा ठेवला आणि उभी राहिली. मी तीन रात्री वाचून ठेवलेलं काहीच सांगायची वेळ आली नाही.

अर्ध्या तासाने ती काठावर खाऊ खात बसली. फळी मोकळी. मी इकडेतिकडे बघितलं आणि चढलो. फळी बुडाली नाही, शास्त्र खरं होतं. फक्त ती मधे दबली, दोन्ही टोकं वर आली आणि माझे गुडघे आपापल्या मताने हलू लागले.

"पायांकडे नको बघूस, बाबा! समोर बघ!" काठावरून आवाज आला.

मी समोर बघितलं. समोर पाणीच होतं, आणि ते वेगाने जवळ आलं.

डोकं वर काढलं तेव्हा ती काठावर उभी राहून माझ्याकडे बघत होती, हात कमरेवर, आईसारखे.

"बाबा, ही माझ्या मापाची आहे," ती म्हणाली. "तुला वाढत्या अंगाची घे."